गंधक, आहारातील

मानवी शरीराला लागणाऱ्या मूलद्रव्यांपैकी एक. सुमारे ७० किग्रॅ. वजनाच्या प्रौढ व्यक्तीच्या शरीरात अदमासे १४० ग्रॅ. गंधक असून त्याचा बहुतेक भाग प्रथिनांच्या रेणूंत बद्ध असतो. मूलद्रव्यरूप पिवळे गंधक शरीराच्या उभारणीस उपयोगी पडत नाही; ते मुख्यत्वे मिथिओनीन व सिस्टिईन या ॲमिनो अम्लांच्या रूपाने अन्नातून मिळावे लागते. वनस्पती जमिनीतील सल्फेटापासून ही अम्ले तयार करतात. मानवाला मिथिओनीन तयार करता येत नाही, म्हणून ते अत्यावश्यक मानले जाते. सिस्टिईन मात्र मिथिओनिनापासून तयार होऊ शकते.

कार्य : सिस्टिइनाच्या दोन घटकांतील गंधक अणू परस्परांस जोडले जाऊन प्रथिनाच्या साखळीला निश्चित आकार येतो. इन्शुलिनाच्या रेणूत असे तीन बंध असतात. केस व नखे यांतील केरॅटिनाचा बळकटपणाही अशाच बंधांमुळे असतो. थायामीन व बायोटीन ही जीवनसत्त्वे, कूर्चेतील काँड्रॉइटीन सल्फेट आणि रक्त गोठू न देणारे हेपारीन यांत गंधक असते. सिस्टिइनापासून बनणारे ग्लुटाथायोन यकृतातील विषारी पदार्थांचा निरास करते. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेमुळे त्याचा साठा संपून यकृताचा नाश होऊ लागतो. त्यावर ॲसिटिल सिस्टिईन हा उतारा वेळीच दिल्यास रोगी वाचू शकतो. वापरलेले गंधक मुख्यतः सल्फेटाच्या रूपात मूत्रावाटे बाहेर पडते.

उगम व गरज : अंडी, मासे, मांस, दूध व तीळ यांतून ही अम्ले चांगल्या प्रमाणात मिळतात. कडधान्यांत लायसीन भरपूर, पण मिथिओनीन कमी असते. तृणधान्यांत याच्या उलट स्थिती असते. त्यामुळे वरण-भात किंवा भाकरी व उसळ एकत्र खाल्ल्यास एकातील उणीव दुसऱ्याने भरून निघते. लसूण व कांदा यांचा उग्र वास गंधकयुक्त संयुगांमुळेच येतो. तथापि ती संयुगे या अम्लांची जागा घेऊ शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व शेती संघटना आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठ यांच्या २००७ च्या संयुक्त अहवालानुसार प्रौढांना दोन्ही अम्ले मिळून शरीराच्या दर किग्रॅ. वजनास रोज सुमारे १५ मिग्रॅ. लागतात, म्हणजे ५० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस सु. ७५० मिग्रॅ.

न्यूनता व विकार : गंधकाची न्यूनता बहुधा प्रथिनांच्या न्यूनतेतच सामावलेली असते. तिचे भीषण उदाहरण म्हणजे आफ्रिकेतील कोंझो हा रोग. तत्कालीन बेल्जियन काँगोतील या रोगाचे वर्णन त्रोली यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केले. कडू कसाव्याच्या कंदात सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. शरीर गंधकाच्या साहाय्याने सायनाइडाचे बरेच कमी विषारी अशा थायोसायनेटात रूपांतर करते. दुष्काळात वा युद्धकाळात कंद पुरेसे भिजत न घालता खाल्ले जातात व आहारात दुसरे प्रथिन नसते. तेव्हा मुख्यतः मुले व तरुण स्त्रिया यांचे पाय एकाएकी ताठर होऊन कायमचे लुळे पडतात. कसाव्याचे पीठ ओले करून पातळ थरात पसरून ठेवल्यास सायनाइड उडून जाते. या साध्या उपायास कडधान्यांची वा मासळीची जोड मिळाल्यास हा रोग टाळता येतो.

होमोसिस्टिन्यूरिया व सिस्टिन्यूरिया हे गंधकयुक्त ॲमिनो अम्लांशी निगडित असे आनुवंशिक विकार होत. दुसऱ्यात मूत्रमार्गात सिस्टिनाचे खडे बनतात. सुकी फळे टिकविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सल्फाइटांमुळे काही दमेकऱ्यांना त्रास होतो. अशा व्यक्तींनी ते पदार्थ वर्ज्य करणे हितावह असते.