मोठ्या विद्यार्थ्यांचा मेळावा

बालमित्रांनो, तुमच्या शाळेत दरवर्षी स्नेहसंमेलन होतं. नाच, नाटुकली, बक्षिसं, नुसती धमाल! पण साठ-सत्तर वर्षांचे विद्यार्थी जमतात, असं संमेलन तुम्ही कधी पाहिलंय का?

८ सप्टेंबर हा ‘आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन’. १९६५ साली याच तारखेला इराणमधल्या तेहरान शहरात अनेक देशांचे शिक्षणमंत्री जमले होते. जगातली निरक्षरता कशी घालवायची, हा त्यांचा विषय होता. पुढच्याच वर्षी ‘युनेस्को’ने हा दिवस जाहीर केला आणि १९६७ पासून तो जगभर साजरा होऊ लागला.

आपल्या देशात २०२२ साली ‘नवभारत साक्षरता कार्यक्रम’ सुरू झाला. त्यालाच ‘उल्लास’ म्हणतात. ज्यांची शाळा हुकली, अशी पंधरा वर्षांची आणि त्याहून मोठी माणसं यात शिकतात. शिकवतात ते स्वयंसेवक, तेही एक पैसा न घेता! परीक्षासुद्धा असते बरं का! वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुणांची.

या सगळ्यांचे ‘उल्लास मेळावे’ भरतात. तिथे शिकवण्यासाठी केलेले तक्ते, अक्षरांची कार्डं, हिशेबाचे खेळ मांडलेले असतात. पथनाट्यं होतात, गाणी होतात. नव्याने वाचायला शिकलेल्यांचा आणि त्यांना शिकवणाऱ्यांचा सत्कार होतो.

तुम्ही म्हणाल, “अक्षरं तर शिकायची, त्याला मेळावा कशाला?”

सांगते. वर्गात तुम्ही तीस-चाळीस जण एकत्र शिकता. तुमचं चुकलं, तर शेजारच्याचंही चुकलेलं असतं! मोठ्या माणसाला ही सोबत नसते. दिवसभराचं काम आटोपून एकट्यानेच पाटी घेऊन बसायचं. विळा-खुरप्याला सरावलेली बोटं पेन्सिल धरताना अवघडतात. शिवाय ‘या वयात शिकते म्हणून लोक हसतील’ ही धास्ती. एस.टी. स्टँडवर एखादी आजी विचारते ना, “बाळा, चष्मा घरी राहिला, ही गाडी कुठली रे?” कधी कधी चष्म्याचं फक्त निमित्त असतं. मेळाव्यात आल्यावर तिला दिसतं की, आपल्यासारख्या कितीतरी जणी इथे आहेत. मग लाज पळते.

हे पूर्वीच्या लोकांनीही ओळखलं होतं. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ‘ग्राम शिक्षण मोहीम’ सुरू झाली आणि पुढे महाराष्ट्रभर पसरली. गाव साक्षर झालं, की तिथे ‘ग्रामगौरव समारंभ’ व्हायचा. कौतुक एकट्या-दुकट्याचं नाही, अख्ख्या गावाचं!

आणि केरळच्या कार्त्यायनी अम्मांची गोष्ट ऐका. त्या कधीच शाळेत गेल्या नव्हत्या. २०१८ साली, वयाच्या शहाण्णव्या वर्षी त्यांनी साक्षरतेची परीक्षा दिली आणि १०० पैकी ९८ गुण मिळवले! त्यांचा अभ्यास कोणी घेतला, ठाऊक आहे? त्यांच्या छोट्या पणत्यांनी!

मग तुम्हालाही हे जमेल की! घरात, शेजारी कुणाला लिहिता-वाचता येत नसेल, तर आधी हळूच विचारा, “आजी, तुमचं नाव लिहायला शिकवू?” ‘अ अननसाचा’ इथून सुरुवात करायलाच हवी असं नाही. स्वतःचं नाव, गावाचं नाव, गाडीवरची पाटी, औषधावरची तारीख, अशा रोजच्या उपयोगाच्या गोष्टी आधी घ्या. चुकलं तर चारचौघांत टोकू नका. रोज पंधरा मिनिटं पुरेत, पण खाडा नको!

पालकांनो, एवढा वेळ मुलांना जरूर द्या. दुसऱ्याला शिकवताना त्यांचाही अभ्यास पक्का होतो. तुमच्या भागात मेळावा भरला, तर मुलांना घेऊन जा. थरथरत्या हाताने फळ्यावर पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिणाऱ्या आजींसाठी टाळ्या वाजवायला तिथे माणसं हवीत.