मुलाखत वैमानिकाची, सराव स्वयंपाकघरात

माझ्या मोठ्या जावेची मुलगी विमान कंपनीत वैमानिकाच्या मुलाखतीला जाणार, हे कळलं तेव्हा घरात दोन तट पडले. मामंजींना कोण अभिमान, आणि जाऊबाईंना धास्ती! धास्ती विमानाची नव्हे, मुलीच्या शिक्षणासाठी घर गहाण ठेवून काढलेल्या कर्जाची. परवाना हाती आला म्हणजे नोकरी मिळालीच असं नसतं, हे एव्हाना सगळ्यांना कळून चुकलं होतं.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. तेव्हा तोंडी परीक्षा घेण्याचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. वाटाणे सोलता सोलता मी प्रश्न विचारायचे नि ती उत्तरं द्यायची. त्या महिन्यात मीच इतकं शिकले की तुम्हालाही सांगावंसं वाटतं. कुणी सांगावं, उद्या तुमच्या घरातली एखादी मुलगी या वाटेला लागेल!

मुलाखत म्हणजे टेबलापलीकडे बसलेले चार साहेब, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण इथे पायऱ्या बऱ्याच असतात. आधी लेखी परीक्षा. तीत हवामानशास्त्र, दिशाशोधन, विमानवाहतुकीचे नियम आणि बारावीचं गणित-भौतिकशास्त्र. मग संगणकावर हात आणि डोळे यांचा मेळ पाहणारी चाचणी, स्वभावाची चाचणी, कधी गटचर्चा. बऱ्याच ठिकाणी सिम्युलेटरवरही बसवतात. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरच उभारलेली विमानाच्या कॉकपिटची हुबेहूब प्रतिकृती. शेवटी प्रत्यक्ष मुलाखत. कंपनीगणिक क्रम बदलतो, एखादी पायरी गळतेही.

वैद्यकीय तपासणी तर कडकच. पण चष्मा लागला म्हणून वाट बंद होत नाही बरं का! चष्म्याने नजर पुरेशी सुधारते का, रंग नीट ओळखता येतात का, हे पाहतात.

कागदपत्रांची फाइल आदल्या रात्रीच लावून ठेवावी. परवान्यासाठी किमान 200 तासांचं उड्डाण लागतं. त्याची नोंद असते लॉगबुकात, आणि परीक्षक ते पान न् पान चाळतात. अर्जातला तासांचा आकडा नि वहीतला आकडा जुळलाच पाहिजे. कपडे साधे, इस्त्रीचे, बूट पुसलेले.

तोंडी हिशेबही विचारतात. "30 हजार फुटांवरून उतरायचंय, किती आधी सुरुवात करशील?" मी तर गारच पडले! पण ढोबळ रीत सोपी आहे. हजारांच्या आकड्याला तिनाने गुणायचं. तीस त्रिक नव्वद, म्हणजे सुमारे 90 सागरी मैल आधी.

असे प्रश्न तिने फटाफट सोडवले. अडली ती भलत्याच ठिकाणी. एका पुस्तकातला प्रश्न मी विचारला, "तू सहवैमानिक आहेस. कॅप्टन चुकतायत असं तुला दिसलं, तर काय करशील?"

ती घुटमळली. म्हणाली, "ते अनुभवी असतात ना काकू. त्यांनी विचार केलाच असेल."

हे उत्तर चुकीचं. का, ते तिनेच मग पुस्तक उघडून मला वाचून दाखवलं. 27 मार्च 1977 रोजी टेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. एका विमानाचा कॅप्टन कंपनीतला अतिशय ज्येष्ठ वैमानिक होता. परवानगी मिळालेली नसताना त्याने विमान दौडवलं. दुसरं विमान धावपट्टीवरून अजून हटलं नाही का, अशी शंका त्याच्याच फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती ठामपणे उडवून लावली, आणि पुन्हा कुणी तोंड उघडलं नाही. त्यानंतरच्या वर्षांत वैमानिकांना एकमेकांशी बोलायला, वरिष्ठांना वेळीच सावध करायला मुद्दाम शिकवू लागले. मुलाखतीतही हेच चाचपतात.

वाचून झालं आणि आम्ही दोघी गप्प बसलो. मला आदल्या वर्षीची पुण्याची मुंज आठवली. मामंजी म्हणाले, गाडी पावणेनऊला. वेळ बदलल्याचं या पोरीने मोबाइलवर पाहिलेलं होतं, पण आजोबांना कसं सांगायचं म्हणून बोलली नाही. सांगली स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी निघून गेलेली! रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी करून घेतली. आणि "मोठ्यांपुढे बोलली नाही, गुणाची पोर" असं कौतुक केलं ते मीच.

दुसऱ्या दिवसापासून सराव बदलला. मामंजी झोपाळ्यावर कॅप्टन होऊन बसले आणि मुद्दाम चुकीचे हुकूम सोडू लागले. तिने आधी शांतपणे सांगायचं, "सर, उंची कमी होतेय." ऐकलं नाही तर पुन्हा, जरा ठामपणे. तरीही नाही, तर स्पष्ट शब्दांत थांबवायचं. उद्धटपणा नको, पण गिळून टाकणंही नको.

"लग्नानंतर काय करशील?" हेही विचारून घेतलं. असा प्रश्न आलाच, तर चिडायचं नाही नि रडवेलंही व्हायचं नाही. "ड्युटी लागेल तशी करीन, घरचं आम्ही घरी बसवू," इतकं पुरे. अहो, 1985 साली कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन यांनी कलकत्त्याहून सिल्चरला इंडियन एअरलाइन्सचं फोकर विमान नेलं, तेव्हा त्यातले सगळेच कर्मचारी स्त्रिया होत्या. आता नवल कसलं?

पहिल्या कंपनीत ती गटचर्चेतच गळली. जाऊबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. चार महिन्यांनी दुसरीकडे बोलावणं आलं. तिथे विचारलं, "तुमची एखादी चूक सांगा." तिने विमानातली नाही, त्या चुकलेल्या गाडीचीच गोष्ट सांगितली, आणि त्यानंतर स्वतःत काय बदल केला तेही. निवड झाली. सध्या तिचं पुढचं प्रशिक्षण चालू आहे, आणि कर्जाचे हप्ते आता तीच भरणार म्हणते.

परवा जेवताना मी आमटीत दुसऱ्यांदा मीठ घालायला गेले, तर माझी आठ वर्षांची लेक म्हणाली, "आई, थांब, मघाशी घातलंस." पूर्वी मी म्हटलं असतं, "तुला काय कळतंय?" या वेळी हात आवरला, चव घेतली. तिचं बरोबर होतं.