विश्लेषण : घरचा पास्ता गिचका का होतो? पाणी, मीठ आणि आचेचे गणित काय?

मुलांच्या डब्यात आणि रविवारच्या जेवणात पास्ता आता चांगलाच रुळला आहे. मात्र पाकिटावरील कृतीप्रमाणे करूनही तो कधी गिचका होतो, कधी त्याचा गोळा होतो, तर कधी सॉस ताटलीत वेगळा आणि पास्ता वेगळा राहतो. त्यावर उपाय म्हणून पाण्यात तेल टाकले जाते, शिजलेला पास्ता नळाखाली धुतला जातो. हे दोन्ही उपाय बहुतेक वेळा बिघाडच वाढवतात. पास्त्यातील स्टार्च कुठे रोखायचा आणि कुठे वापरायचा, हे कळले की बाकीचे सोपे होते.

गहू कोणता, याला महत्त्व का?

सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्यापासून बनतो. महाराष्ट्रात हाच गहू ‘बन्सी’ म्हणून ओळखला जातो. त्याचा रवा आणि शेवया आपल्याकडे जुन्याच. हा गहू कठीण आणि प्रथिनांनी समृद्ध असतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘एमएसीएस ४०२८’ या ड्युरम वाणात प्रथिनांचे प्रमाण १४.७ टक्के आहे. पास्ता शिजताना प्रथिनांची जाळी घट्ट होते आणि फुगणाऱ्या स्टार्चला धरून ठेवते. मैद्याच्या पास्त्यात ही पकड कमी असल्याने तो लवकर मऊ पडतो. इटलीत तयार होऊन तेथेच विकला जाणारा सुका पास्ता ड्युरम गव्हाचाच असावा, असे बंधन १९६७च्या कायद्याने घातले गेले, ते याच गुणामुळे. त्यामुळे खरेदी करताना पाकिटावरील घटकांच्या यादीत ‘ड्युरम’ हा शब्द आहे का, हे आधी पाहावे.

पाणी आणि मीठ किती घ्यावे?

इटलीतील घरगुती प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे : १०० ग्रॅम पास्ता, १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दोन सपाट चहाचे चमचे. मिठामुळे पाणी लवकर उकळते, हा गैरसमज आहे. एवढ्या मिठाने उत्कलनबिंदू अर्ध्या अंशानेही बदलत नाही. मीठ घालायचे ते चवीसाठी; पास्ता पाणी शोषताना ते आतपर्यंत जाते. नंतर सॉसमध्ये घातलेले मीठ वरवरच राहते. बरेचसे मीठ पाण्याबरोबर निघून जाते, तरीही मीठ कमी खाणाऱ्यांनी हे प्रमाण निम्म्यावर आणण्यास हरकत नाही.

तेल घातल्याने चिकटणे थांबते का?

नाही. तेल पाण्यावर तरंगते आणि पास्ता तळाशी असतो. पास्ता चिकटतो तो पहिल्या एक-दोन मिनिटांत, पृष्ठभागावरील स्टार्च फुगून चिकट होतो तेव्हा. या वेळी पाणी खळखळ उकळत असावे आणि पास्ता सतत ढवळत राहावा. पाणी गाळताना मात्र तेच तेल पास्त्यावर बसते आणि सॉस त्यावरून घसरतो.

पास्ता नेमका कधी काढावा?

‘अल दान्ते’ या इटालियन शब्दप्रयोगाचा अर्थ दाताला जाणवेल असा. पाकिटावरील वेळेच्या दोन मिनिटे आधी एक तुकडा काढून मधोमध कापावा. आत पांढरा, कच्चा ठिपका बारीक झालेला दिसला, की पास्ता गाळून थेट सॉसच्या कढईत टाकावा. उरलेले शिजणे तेथेच होते. गाळण्यापूर्वी वाटीभर पाणी काढून ठेवायला विसरू नये.

पास्ता का धुवू नये?

धुतल्याने पृष्ठभागावरील स्टार्च निघून जातो आणि सॉस पकडणारे काही उरत नाही. थंड सॅलडसाठी धुणे ठीक, गरम पास्त्यासाठी नाही. बाजूला काढलेल्या गढूळ पाण्यातही हाच स्टार्च असतो. ते थोडे थोडे कढईत घालून मोठ्या आचेवर परतले, की तेल आणि पाणी एकजीव होऊन सॉस दाटसर होतो. या पाण्यात मीठ असल्याने सॉसची चव शेवटी पाहूनच मीठ घालावे.

चीजच्या सॉसमध्ये तर स्टार्चवरच सारे अवलंबून असते. रोममधील ‘काचो ए पेपे’ या चीज-मिरीच्या पास्त्यात गुठळ्या का होतात, याचा इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने अभ्यास केला. चीजच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के स्टार्च असल्यास सॉस फाटत नाही, असे त्यांना आढळले. या संशोधनाला २०२५चे भौतिकशास्त्राचे ‘इग नोबेल’ मिळाले. घरी करायचे तर १०० ग्रॅम चीजला सपाट चमचाभर कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यात शिजवून, किंचित निवल्यावर त्यात चीज मिसळावे. चीज घातल्यावर गॅस बंदच असावा.

गॅस बंद करून पास्ता शिजतो का?

शिजतो. युक्रेन युद्धामुळे २०२२मध्ये युरोपात गॅस महागला, तेव्हा भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते जॉर्जो पारिसी यांनी ही पद्धत समाजमाध्यमावर मांडली आणि इटलीत वाद पेटला. पास्ता रबरासारखा होईल, असा काही नामवंत शेफचा आक्षेप होता. मात्र स्टार्च फुगायला आणि प्रथिने घट्ट व्हायला १०० अंश तापमान लागत नाही. त्याहून बरेच कमी पुरते. पाणी उकळल्यावर पास्ता घालून दोन मिनिटे ढवळावा, मग गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवावे. पाकिटावरील वेळेपेक्षा एखादे मिनिट जास्त द्यावे. पातेले जाड बुडाचे हवे आणि झाकण सारखे उघडू नये. खिचडी उतरवून वाफेवर मुरू देणाऱ्या घरांना ही युक्ती नवी वाटणार नाही. सिलिंडर जपून वापरणाऱ्यांना तर ती उपयोगाचीच आहे.