धूर नव्हे, वाफ! पण पाण्याचा हिशेब विचारा



परळी वैजनाथाच्या दर्शनाला तुमच्यापैकी पुष्कळ जण जाऊन आले असतील. तिथल्या औष्णिक वीज केंद्राचे डमरूच्या आकाराचे मोठाले मनोरे आणि त्यांच्या तोंडातून निघणारे पांढरे लोट तुम्ही पाहिले असतील. मागे सुलतानपूरला पारावर हाच विषय निघाला. एक म्हातारबा म्हणाले, "साहेब, एवढ्या धुरानं आजूबाजूची पऱ्हाटी करपत असंल ना?"

तर आधी हे समजून घ्या की, तो धूर नाही. धूर जातो उंच, बारीक चिमणीतून. डमरूतून निघते ती पाण्याची वाफ. वीज केंद्रात कोळशाच्या आचेवर वाफ करतात आणि तिच्या जोरावर यंत्र फिरते. ती वाफ पुन्हा थंड करण्यासाठी नळ्यांतून गार पाणी खेळवावे लागते. हे पाणी तापले की मनोऱ्यात वरून शिंपडतात. खालून हवा वर चढते, थोडे पाणी उडून जाते आणि बाकीचे गार होऊन पुन्हा कामाला लागते. आपला माठ पाझरून पाणी गार करतो, तसलाच हा प्रकार. शीतकरण मनोरा म्हणतात तो हाच.

म्हणजे वाफेची भीती नको. पण दोन गोष्टींकडे लक्ष हवे.

पहिली गोष्ट, पाणी किती लागते? एका फेऱ्यात शंभर लिटरमागे दीड-दोन लिटर उडते. ऐकायला थोडे वाटते, पण हे चक्र रात्रंदिवस चालते. केंद्र सरकारच्या ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेप्रमाणे जुन्या केंद्रांनी एका युनिट विजेमागे साडेतीन लिटरपेक्षा जास्त पाणी वापरू नये. १ जानेवारी २०१७ नंतरच्या केंद्रांना २०१८ च्या दुरुस्तीने तीन लिटरची मर्यादा आहे, आणि सांडपाणी बाहेर सोडायचेच नाही. आता आपल्या शेजारचे, बाळापूर तालुक्यातले पारस केंद्र घ्या. तिथे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. दोन्ही पूर्ण ताकदीने चालले आणि पाणी साडेतीन लिटरच्या हिशेबाने लागले असे धरा, तर दिवसाला ४ कोटी २० लाख लिटर होते. तेवढ्या पाण्यात पावणेदोनशे एकरांना सहा सेंटिमीटरचे एक ओलीत होईल. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळामुळे परळीचे सगळे संच बंद ठेवावे लागले होते. धरण आटले की शेती आणि वीज दोन्ही अडतात.

दुसरी गोष्ट, उरलेल्या पाण्याचे काय? इथे आपले लोणार सरोवर आठवा. त्याला बाहेर वाट नाही. पाणी उन्हाने उडते, क्षार मागे राहतो, म्हणून ते खारे. मनोऱ्यातही असेच होते. वाफेबरोबर क्षार जात नाही, तो खाली साचतो. म्हणून थोडे खारट पाणी अधूनमधून काढून नवे घ्यावे लागते. त्यात गंज आणि शेवाळ रोखायची औषधेही असतात. या पाण्यासाठी नियम आहे : क्लोरीन लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम, जस्त एक, क्रोमियम ०.२ आणि फॉस्फेट ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरी आधीच खाऱ्या. त्यात असे पाणी नाल्याने वावरात शिरले तर काळी जमीन चोपण व्हायला वेळ लागत नाही, आणि सुधारायला वर्षे जातात.

छोटे मनोरे साखर कारखान्यात आणि शीतगृहातही असतात. म्हणून कारखाना लहान की मोठा हे न पाहता पुढील गोष्टी करा.

कारखान्याजवळची विहीर असेल तर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर पाणी तपासून घ्या. पंप थोडा वेळ चालू ठेवा, प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून लिटरभर नमुना भरा. विद्युत वाहकता २.२५ च्या वर आली तर ते पाणी आपल्या भारी जमिनीला धोक्याचे समजा. अहवाल जपून ठेवा. पुढे तोच पुरावा.

सरपंच आणि ग्रामसेवकांनी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्याला दिलेल्या संमतीपत्राची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी. पाणी किती घ्यायचे, कुठे आणि कसे सोडायचे हे त्यात लिहिलेले असते. तक्रार असल्यास ग्रामसभेचा ठराव आणि तपासणी अहवाल जोडून मंडळाच्या अमरावती प्रादेशिक कार्यालयाकडे पाठवावा.

नवे वीज केंद्र येणार असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते. तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते आणि अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. तो वाचून जा. सुनावणीत नुसते "आमचा विरोध" किंवा "आमचा पाठिंबा" म्हणून बसू नका. पाणी कोणत्या धरणाचे, उन्हाळ्यात किती, आणि शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी का नाही, हे विचारा. नागपूरचे असे पाणी कोराडी केंद्राला दिले जाते, मग दुसरीकडे का होऊ नये?

वीज आपल्यालाही हवी, तिच्याशिवाय पंप चालत नाही. पण विहिरीत पाणीच नसेल, किंवा असलेले खारे झाले, तर तो पंप तरी काय उपसणार?