शिक्क्याचे देश आधी

आम्ही दोघं वर्षभरासाठी जग फिरायला निघणार हे सांगलीत कळल्यापासून भेटेल तो विचारतो, "कुठे कुठे जाणार?" कोणत्या क्रमाने जाणार, हे अजून कुणी विचारलेलं नाही. आमच्या तयारीचा निम्मा वेळ मात्र त्या क्रमातच गेला. मी एसटीच्या विभागीय कार्यालयात, वाहतूक शाखेत आयुष्यभर गाड्यांची वेळापत्रकं बसवली. गाडी कुठे जाणार हे ठरवणं तिथे सोपं असतं. ती रात्री कुठे मुक्कामी राहणार आणि सकाळी कुणाच्या ड्यूटीत निघणार, इथे सगळं अडतं. जगप्रवासाचंही तसंच आहे, आणि भारतीय पासपोर्टवर तर जास्तच.

माझे यजमान भूगोलाचे शिक्षक होते, त्यामुळे पहिला आराखडा त्यांनी ऋतूंवरून काढला. गणपती विसर्जन झालं की पूर्वेला निघायचं, नोव्हेंबरात जपानची पानगळ, डिसेंबर-जानेवारीत न्यूझीलंडचा उन्हाळा, मार्चपर्यंत दक्षिण अमेरिकेचं टोक, मग पेरू आणि शेवटी जूनमध्ये युरोप. नकाशावर फार सुंदर दिसत होतं. पण शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, आणि साधारणपणे तो आपण राहतो त्या देशातूनच करावा लागतो. सप्टेंबरात घर सोडणाऱ्याला पुढच्या जूनचा व्हिसा निघण्याआधी मिळत नाही, आणि लिमामध्ये बसून तो मागायचा म्हटलं तर तिथला वकिलातीचा माणूस विचारणार, तुम्ही इथले रहिवासी आहात का? ब्रिटिश किंवा जर्मन प्रवाशाला हा प्रश्न पडत नाही, म्हणून त्यांच्या पुस्तकांत त्याचं उत्तरही नसतं.

मग मी आराखडा उलटा केला. ज्या देशांसाठी पासपोर्ट जमा करावा लागतो, त्यावर स्टिकर लागतं किंवा मुलाखत होते, ते सगळे आधी. जे इंटरनेटवर अर्ज घेतात आणि पासपोर्ट आपल्याच हातात ठेवतात, ते शेवटी. म्हणजे पश्चिमेकडे निघायचं: सप्टेंबरात युरोप, डिसेंबरात अर्जेंटिना-चिली, एप्रिलनंतर पेरू, मग मेक्सिको, तिथून लॉस एंजेलिसमार्गे न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया, सरतेशेवटी व्हिएतनाम. व्हिएतनामचा ई-व्हिसा २०२३ च्या ऑगस्टपासून ९० दिवसांचा मिळतो, तो वाटेत कुठूनही काढता येतो. या क्रमात न्यूझीलंडचा उन्हाळा हुकतो. जपान तर पूर्णच वगळला, कारण त्यांचा साधा पर्यटक व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो. जपानला वेगळे जाऊ. एका फेरीत सगळं जग बसवायचा हट्ट धरला की निम्मं वर्ष वकिलातींच्या दारात जातं, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

या साऱ्यात सर्वांत मोलाचा कागद म्हणजे अमेरिकेचा व्हिसा. पर्यटक म्हणून भारतीयांना तो बहुधा दहा वर्षांचा मिळतो. तो असला की मेक्सिको वेगळा व्हिसा मागत नाही. पेरू आणि कोलंबियाही मागत नाहीत, फक्त अमेरिकी व्हिसाची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतोच, त्यामुळे लॉस एंजेलिसवरून जायचं तर त्याला पर्याय नाही. हे नियम बदलत राहतात. तिकीट काढण्याच्या दिवशी त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा बघायचे, कुणाच्या सांगण्यावर जायचं नाही.

शेंगेनचे दिवस मोजायलाही शिकावं लागतं. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, हा नियम सगळ्यांच्या तोंडी असतो. पण मोजणी दर दिवशी मागे वळून होते: आज उभे आहात तिथून मागचे १८० दिवस मोजा, त्यांत आत किती राहिलात ते बघा. आत शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. शिवाय तुमच्या व्हिसावर त्याहून कमी दिवस लिहिलेले असतील तर तेच खरे. विमान रद्द होतं, माणूस आजारी पडतो. काही दिवस हातचे राखूनच बाहेर पडायचं.

जगप्रदक्षिणेचं एकत्र तिकीट मिळतं, हे आपल्याकडे फारसं माहीत नाही. स्टार अलायन्स आणि वनवर्ल्ड हे विमान कंपन्यांचे गट ते देतात. एकाच दिशेने जायचं, अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदा ओलांडायचे, वर्षभरात परत यायचं. महाग वाटतं, पण पुढचं तिकीट दाखवा म्हणणाऱ्या प्रत्येक इमिग्रेशन खिडकीवर ते उपयोगी पडतं. पश्चिमेला जाताना वाररेषा ओलांडली की पंचांगातला एक दिवस गळतो. लॉस एंजेलिसहून सोमवारी रात्री निघालं की ऑकलंडला बुधवारी सकाळी उतरतो. मी संकष्टी करते. मंगळवारचीच चतुर्थी असली तर काय, याचा मी खरोखर विचार केला, आणि विमानात उपास धरायचं ठरवलं.

स्वयंपाकघरातल्या दोन गोष्टी प्रत्येक मराठी घराने ध्यानात ठेवाव्यात. गोड्या मसाल्यात बऱ्याच घरी खसखस असते, अनारशावर तर असतेच. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या यादीत येते. दुबईमार्गे जाणाऱ्याने ती सामानात ठेवूच नये. न्यूझीलंडमध्ये खाण्याची प्रत्येक वस्तू आगमनाच्या अर्जावर लिहावी लागते, न लिहिता सापडली तर जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. लिहिलं तर निदान दंड नाही, फार तर मेतकूट काढून घेतील.

तब्येतीच्या बाबतीत साठी ओलांडलेल्यांनी पीतज्वराची लस शेवटच्या महिन्यावर टाकू नये. ती फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. या वयात ती पहिल्यांदा घेताना धोका थोडा वाढतो, म्हणून आधी डॉक्टरांशी नीट बोलणं आलं. पीतज्वराच्या देशांतून प्रमाणपत्राशिवाय थेट भारतात परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. नेहमीच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ नावाने लिहून घ्यावी, कंपनीची नावं परदेशात कुणाला कळत नाहीत. विम्याची मुदतही बघावी: आपल्याकडच्या पुष्कळ प्रवासी पॉलिसी १८० दिवसांवर थांबतात, आणि शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं.

पेन्शनरांनी नोव्हेंबर विसरू नये. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, तो एकदा घरी असतानाच करून बघावा. कार्डावरचा परदेशी वापर बँकेच्या अ‍ॅपमधून स्वतः सुरू करावा लागतो. ज्या नंबरवर ओटीपी येतो तो वर्षभर जिवंत राहील याची सोय मी सगळ्यांत आधी केली.

एवढी तयारी कशाला, असं आमच्या सूनबाईने विचारलं. मी तिला दिलीप दोंदे यांचं उदाहरण दिलं. शिडाच्या बोटीने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले, चार ठिकाणी थांबून. प्रवास नऊ महिन्यांचा. त्याआधी गोव्यात दिवाडी बेटावर 'म्हादेई' बांधून घेण्यात आणि शिकण्यात तीन वर्षं गेली. आमच्या फेरीत तसं धाडस नाही, पण तयारी प्रवासाहून लांब असण्यात काही गैर नाही.

येत्या पाच-सात वर्षांत असं निघायचं मनात असेल, तर दोन कामं आत्ताच करा. युरोपची एखादी छोटी सहल करून या, नियम पाळून परत या. २०२४ च्या एप्रिलपासून युरोपीय संघाने भारतीयांसाठी अशी सोय केली आहे की तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचाही मिळू शकतो. तो हातात असेल तर पूर्वेकडूनसुद्धा निघता येईल. आणि पासपोर्ट नवा करताना ३६ पानांचा घेऊ नका, ६० पानांचा मागा. शुल्क १,५०० ऐवजी २,००० रुपये पडतं.