डब्ल्यूडब्ल्यूईची कुस्ती खोटी असते, तर मग हे पैलवान वर्षानुवर्षं शिकतात तरी काय?

नव्वदच्या दशकात शाळेत गेलेल्या कुठल्याही नागपूरकराला विचारा. कंपासपेटीत पेन्सिलपेक्षा कुस्तीचे ट्रम्प कार्ड जास्त असायचे. कोणाची उंची जास्त, कोणाची छाती मोठी, कोणाचा रँक वरचा, यावर मधल्या सुट्टीत डाव रंगायचे. अंडरटेकरला सात जन्म आहेत, हेही सगळ्यांना पक्कं माहीत होतं. १९९६ साली 'खिलाडियों का खिलाडी' आला आणि अक्षय कुमारनं त्याच अंडरटेकरला उचलून आपटलं, तेव्हा तर विषयच संपला.

तो अंडरटेकर खरा नव्हता. सिनेमातली भूमिका ब्रायन ली नावाच्या पैलवानानं केली होती. गंमत म्हणजे याच ब्रायन लीनं १९९४ मध्ये खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफच्या रिंगमध्ये नकली अंडरटेकर साकारला होता आणि तिथं त्याची गाठ खऱ्याशी पडली होती.

पुढे कोणीतरी मोठा दादा यायचा आणि सांगायचा, "अरे, हे सगळं खोटं असतं." मन मोडायचं. दादा चूक नव्हता, पण त्यानं अर्धीच गोष्ट सांगितली होती.

निकाल आधीच ठरलेला असतो, हे तर कंपनीनं स्वतःच कबूल केलंय. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे डब्ल्यूडब्ल्यूएफनं सांगितलं की आमची कुस्ती ही खेळाची स्पर्धा नसून करमणूक आहे. हा प्रामाणिकपणाचा झटका वगैरे नव्हता. खेळ म्हटलं की राज्याचं क्रीडा नियामक मंडळ आलं, त्याचे नियम आले, कर आले. ते टाळायचं असेल तर गुपित फोडणं स्वस्त होतं.

पण निकाल ठरलेला असला तरी जमीन ठरवून मऊ होत नाही. रिंगच्या खाली लोखंडी सांगाडा असतो, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा पातळ थर आणि वर ताणून बांधलेलं कॅनव्हास. गादी म्हणावी असं त्यात काही नसतं. शंभर किलोचा माणूस डोक्याच्या उंचीवरून त्यावर पाठीवर पडतो, तेव्हा तो आवाज खराच असतो.

आपल्याकडच्या मातीतल्या पैलवानाला हे शिक्षण उलटं वाटेल. आखाड्यात (पश्चिम महाराष्ट्रात तालमीत म्हणतात) वस्ताद पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात भरवतो, की पाठ टेकू द्यायची नाही. पाठ मातीला लागली की चितपट, कुस्ती संपली. व्यावसायिक कुस्तीच्या शाळेत पहिला धडाच पाठ टेकवण्याचा असतो. याला 'बम्प' म्हणतात.

हा बम्प शिकवण्याची एक पद्धत आहे. सुरुवातीला बसल्या जागेवरून मागे पडायचं, मग उकिडवं बसून, मग उभं राहून. हनुवटी छातीला चिकटवायची, नजर पोटाकडे, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठीचा वरचा भाग एकाच वेळी सपाट टेकला पाहिजे. हात बाजूला पसरून तळवे जोरात आपटायचे आणि त्याच क्षणी श्वास सोडायचा. मार एका हाडावर न येता अंगभर पसरावा, हा त्यामागचा हिशोब. मनगट किंवा कोपर मागे टेकवून स्वतःला सावरायचं नाही, नाहीतर तेच मोडतं. पण पडताना हात मागे टाकणं ही माणसाची उपजत सवय असते. ती मोडायला हजारदा पडावं लागतं.

मग येतात दोऱ्या. टीव्हीवर रबरासारख्या वाटतात, पण अंगावर आदळल्या की काखेपासून पाठीपर्यंत काळेनिळे वळ उठतात. एका दोरीपासून समोरच्या दोरीपर्यंत पावलं मोजून टाकायची असतात, साधारण तीन. पाऊल चुकलं की समोरच्याचा अख्खा डाव चुकतो.

आणखी एक गोष्ट एकदा कळली की प्रत्येक मॅचमध्ये दिसायला लागते. अमेरिकन पद्धतीत पकड जवळजवळ नेहमी डाव्या बाजूला असते. डोकं डाव्या काखेत, हात डावा पिरगळायचा. त्यामुळे एकमेकांना कधीच न भेटलेले दोन पैलवानही गोंधळाशिवाय लढू शकतात. मेक्सिकोत मात्र उजवी बाजू धरतात. तिकडचा माणूस इकडे आला की सुरुवातीला फजिती ठरलेली.

मातीतल्या कुस्तीचं शिक्षण इथं वाया जातं असं मात्र नाही. दारा सिंग त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. पन्नास-साठच्या दशकात मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर फ्रीस्टाइल कुस्त्यांचे फड भरायचे. त्यात दारा सिंग आणि त्यांच्याहून कितीतरी जड असलेला किंग काँग यांची जोडी गाजली. २९ मे १९६८ ला मुंबईतच दारा सिंग यांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवून जागतिक विजेतेपद घेतलं. दोघांनाही अस्सल कुस्ती येत होती. पण हजारो लोक फक्त डाव बघायला येत नव्हते. डोंगराएवढा किंग काँग आणि समोर पंजाबचा देखणा जवान, एवढ्यावरच अर्धी गोष्ट सांगून झालेली असायची.

तर ही गोष्ट रिंगमध्ये सांगतात कशी?

नागपूरकराला हे समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत उभं राहिलं की पुरे. काळी आणि पिवळी मारबत निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची सांगतात, पिवळीची १८८५ पासूनची. भोसले घराण्यातल्या बाकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, या लोकसमजुतीशी काळ्या मारबतीचा संबंध जोडला जातो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक मनसोक्त शिव्याशाप देतात. समोर बांबू-कागदाचा पुतळा आहे हे प्रत्येकाला माहीत असतं, तरी ओरडताना कोणी कमी ओरडत नाही.

व्यावसायिक कुस्तीत या कामाला जिवंत माणूस असतो. त्याला 'हील' म्हणतात, म्हणजे खलनायक. नायक तो 'फेस'. मॅच चालवण्याची जबाबदारी बहुतेक वेळा हीलवर असते, कारण राग पेटवायचा कधी आणि किती, हे त्याच्या हातात असतं.

मॅचचा एक जुना साचा आहे. आधी खडाखडी, अगदी आपल्या आखाड्यासारखी. नायक थोडा वरचढ ठरतो, लोक खुश. मग हील काहीतरी लबाडी करतो. डोळ्यात बोट घालेल, पंचाची पाठ वळली की गुडघ्यावर लाथ मारेल. इथून मॅचचा सगळ्यात लांब भाग सुरू होतो. हील एकच अवयव धरून बसतो, समजा गुडघा. नायक मधूनच उसळतो, लोक उभे राहतात आणि तो पुन्हा खाली जातो. असं दोन-तीनदा झालं की शेवटच्या उसळीला अख्खं सभागृह त्याच्या बाजूनं ओरडत असतं.

यातला खरा कलाकार मार देणारा नसतो, मार खाणारा असतो. दहा मिनिटांपूर्वी दुखावलेला गुडघा जिंकतानाही लंगडला पाहिजे. नायक तो विसरून टुणकन उडी मारून उभा राहिला, तर आधीची दहा मिनिटं पाण्यात. म्हणून या धंद्यात हरणारा चांगला असेल तरच जिंकणारा मोठा होतो.

हे सगळं महाराष्ट्रातही घडून गेलंय. डिसेंबर २०११ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत 'रिंग का किंग' या शोचं शूटिंग झालं. टीएनए या अमेरिकन कंपनीचा तो भारतासाठीचा कार्यक्रम. २८ जानेवारी २०१२ पासून कलर्सवर लागायचा आणि हरभजन सिंग त्याचा ब्रँड अॅम्बेसेडर होता. भारतीय प्रेक्षकाला यातले बरेच चेहरे नवे होते, म्हणजे ओळखीपासून सुरुवात. त्यामुळे हिशोब सोपा ठेवला. खलनायकांची टोळी, नाव आरडीएक्स. त्यात एक इंग्रज, नाव सर ब्रुटस मॅग्नस. भारतात इंग्रज माणसाला 'सर' लावून रिंगमध्ये पाठवलं की वेगळी पटकथा लिहावी लागत नाही! शेवटी पट्टा पंजाबच्या महाबली वीराकडे गेला. शोचा दुसरा सीझन आला नाही, पण वीरा पुढे महाबली शेरा या नावानं अमेरिकेत टीएनएमध्ये खेळला.

मॅचची प्रत्येक हालचाल आधी पाठ केलेली असते, हाही एक गैरसमज. शेवट आणि मधले दोन-चार मोठे प्रसंग ठरतात. बाकीचं बऱ्याचदा रिंगमध्येच, मानेला पकड घालून कानात कुजबुजत ठरतं. लोक थंड पडले तर बेत बदलतो. वेळ किती उरली हा निरोप आणणारा बहुतेकदा पंचच असतो.

आणि तरीही चुकतं. २८ जून १९९८ ला मिक फोली सुमारे १६ फूट उंच पिंजऱ्यावरून खालच्या टेबलावर पडला, ते ठरवून होतं. त्यानंतर तो पुन्हा वर चढला आणि छताची जाळी तुटून रिंगमध्ये कोसळला. ते ठरलेलं नव्हतं. लोकांना दोन्ही सारखंच दिसलं.

सरावात तर कॅमेराही नसतो. मे २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कुस्ती शाळेत एका शिकाऊ तरुणाचा डोक्याला मार लागून मृत्यू झाला. त्याला आधीही डोक्याला मार बसला होता, तरी सराव सुरूच होता. डाव टाकणारा जोडीदार स्वतः नवखा होता, दिलीप सिंग राणा, म्हणजे पुढचा द ग्रेट खली. २००५ मध्ये ज्युरीनं शाळेला जबाबदार धरलं आणि कुटुंबाला १३ लाख डॉलरहून जास्त भरपाई मंजूर झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी खली डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला आणि २०१५ मध्ये त्यानं जालंधरला स्वतःची शाळा काढली. कविता देवी तिथूनच डब्ल्यूडब्ल्यूईपर्यंत पोहोचली.

या धंद्यात डाव टाकणाऱ्याच्या हातात समोरच्याची मान असते, शब्दशः. उचलल्यावर त्याला नीट खाली ठेवण्याची जबाबदारी उचलणाऱ्याची. ज्याच्या हातून जोडीदार वारंवार दुखावतात, त्याच्यासोबत रिंगमध्ये उतरायला कोणी राजी नसतं, शरीर कितीही कमावलेलं असो.

पुढच्या वेळी मॅच बघताना पंचाकडे लक्ष ठेवा. पैलवान विव्हळतोय, लोळतोय, लोक ओरडतायत आणि पंच शांत आहे, तर सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. पण त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुलीसारखे आडवे धरले, तर तो इशारा पडद्यामागच्या डॉक्टरांसाठी असतो. माणसाला खरंच लागलंय.