बंदरावरचा पहारा आणि बागेतली पन्हेरी

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याहून समुद्र गाठायचा तर रस्त्यानं शेकडो किलोमीटर जावं लागतं. जाम आणि कन्हान नद्यांच्या या खोऱ्यात बंदर, गोदी, कस्टम हे शब्द रोजच्या बोलण्यात येत नाहीत. तरी इथल्या कपाशीचं, संत्र्याचं आणि मक्याचं गेल्या सव्वाशे वर्षांत जे झालं, त्यातलं बरंचसं दूरच्या बंदरांवर आणि सीमाचौक्यांवर ठरलं. कापसाच्या कोणत्या गाठीला धुरी द्यायची, कोणतं रोप देशात घ्यायचं, कोणत्या फळाला दाखला द्यायचा, हे ठरवणारी व्यवस्था म्हणजे वनस्पती संगरोध, अर्थात प्लांट क्वारंटाईन. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींत उभं राहून तिचा मागोवा घेतला, की एक गोष्ट ठळकपणे दिसते. देशाच्या दारावर पहारा बसवायला आपण लवकर शिकलो. रोपवाटिकेच्या दारावर तो बसवायला मात्र फार उशीर केला.

कहाणीची सुरुवात कापसापासून होते, आणि तिथे भारताचं स्थान कीड बाहेर पाठवणाऱ्याचं आहे. गुलाबी बोंडअळीचं पहिलं शास्त्रीय वर्णन डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स यांनी १८४० च्या दशकात केलं, ते भडोचहून मिळालेल्या नमुन्यांवरून. ही अळी सरकीच्या आत शिरून महिनोन्‌महिने सुप्त पडून राहते, त्यामुळे गाठ वरून कितीही स्वच्छ दिसली तरी आतला पाहुणा कळत नाही. १९०६-०७ च्या सुमारास भारतातून गेलेल्या, जिनिंग नीट न झालेल्या कापसातून ती इजिप्तमध्ये पोचली. इजिप्तच्या सरकीबरोबर १९११ साली ती मेक्सिकोत गेली आणि १९१७ साली अमेरिकेच्या टेक्सास राज्यात सापडली. अमेरिकेला तिच्या निर्मूलनाची घोषणा करायला २०१८ साल उजाडलं. आपल्याकडे ती घरचीच. २०१७-१८ च्या हंगामात तिनं बीटी कपाशीलाही न जुमानता विदर्भातली बोंडं पोखरली, तेव्हा सीमेलगतच्या सौंसरकडेही कपाशीच्या शेतकऱ्याला तिची धास्ती नव्यानं घ्यावी लागली.

त्याच काळात भीती उलट्या दिशेनंही होती. मेक्सिकन बोंडभुंगा १८९२ साली टेक्सासमध्ये शिरला होता आणि अमेरिकेचा कापूसपट्टा त्यानं हैराण करून सोडला होता. तो अमेरिकन कापसाबरोबर मुंबईत उतरला तर वऱ्हाड, नागपूर, छिंदवाड्यापर्यंतची कपाशी त्याच्या तोंडी जाईल, हे सरकारच्या वेळीच लक्षात आलं. १९०६ साली आयात कापसाच्या गाठींना धुरी देणं सक्तीचं झालं. पुढे ३ फेब्रुवारी १९१४ रोजी विध्वंसक कीटक व कीड कायदा मंजूर झाला. पिकांना घातक ठरणारी कीड, बुरशी किंवा रोग देशात येऊ नये म्हणून आयातीवर बंदी किंवा अटी घालण्याचा अधिकार त्यानं सरकारला दिला. कायदा अगदी आटोपशीर होता. खरं काम त्याखाली निघणाऱ्या अधिसूचनांनी केलं.

तो बोंडभुंगा भारतात आजतागायत आलेला नाही.

अशा यशाचं कुणी कौतुक करत नाही, कारण जे घडलंच नाही ते दिसत नाही. सौंसरच्या कपाशीवाल्यानं पांढरी माशी पाहिली, तुडतुडे पाहिले, बोंडअळ्यांचे सगळे प्रकार पाहिले. बोंडभुंग्यावर फवारणी मात्र त्याला कधीच करावी लागली नाही. मुंबईच्या गोदीतल्या त्या धुरीचा फायदा त्याच्या चार पिढ्यांना मिळाला.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालय स्थापन झालं; आज त्याचं मुख्यालय फरीदाबादला आहे. १९५१ साली आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार झाला आणि पुढच्याच वर्षी भारत त्यात सामील झाला. निर्यातदार देशानं मालाची तपासणी करून दाखला द्यायचा आणि आयातदार देशानं तो मानायचा, ही पद्धत या करारामुळे जगभर रुळली. कागदावर सारं नीट बसत होतं. नेमक्या याच दशकात पहाऱ्याला मोठं भगदाड पडलं. १९५० च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात एक पांढऱ्या फुलांचं तण ठळकपणे नोंदलं गेलं. परदेशातून आयात झालेल्या धान्याबरोबर त्याचं बी आलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. देशाला तेव्हा धान्याची निकड होती. त्यात मिसळलेल्या बारीक बियांकडे बघायला सवड नव्हती. ते गाजर गवत आज पांढुर्ण्याच्या बांधावर, सौंसरच्या पडीक रानात, रेल्वेरुळांच्या कडेला सगळीकडे आहे. अंगाला खाज आणणारं, दमा चाळवणारं हे तण उपटायला मजूर नाखूश असतात. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा १९८० च्या दशकात बंगळूरूला आणला, तेव्हा मात्र आधी त्याला संगरोधात ठेवून तो इतर पिकं खात नाही ना, हे तपासलं गेलं. आज जबलपूरची तणविज्ञान संस्था या भुंग्यांच्या प्रसाराचं काम करते. बी देशात सहज आलं. त्याचा शत्रू आणायला मात्र परवाना, तपासण्या आणि कित्येक वर्षं लागली.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा आणि सौंसरची भाषा मराठी, सोयरिकी काटोल-नरखेड-वरुडच्या, बाजार नागपूरचा, पण कृषी खातं भोपाळचं, अशी इथली घडी तेव्हापासून बसली. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला, तरी ही घडी बदललेली नाही. संत्र्याच्या संदर्भात ती फार महत्त्वाची ठरते.

कारण संत्र्याची कीड बहुतेक वेळा बंदरातून येत नाही; ती पन्हेरीतून येते. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून तयार केलेली कलमं हा या पट्ट्यातला मोठा व्यवसाय आहे, आणि वरुड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट हे त्याचं केंद्र. पावसाळ्यात तिथून निघालेली पन्हेरी राज्याची हद्द ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याच्या बगीच्यांत जाते. रोपाच्या मुळाशी लागलेल्या मातीत फायटोप्थोरा बुरशी असेल, तर पाच-सात वर्षांनी भरात आलेल्या झाडाच्या बुंध्यातून डिंक गळू लागतो. शेतकरी त्याला डिंक्या म्हणतो. ज्या झाडावरून डोळा काढला त्यात ट्रिस्टेझा विषाणू किंवा ग्रीनिंगचे जिवाणू असतील, तर तेही कलमाबरोबर आयते नव्या बागेत जातात. बाग सुकू लागते तेव्हा शेतकरी खताला, पाण्याला, जमिनीला दोष देत बसतो. दोष त्यानं विकत आणलेल्या काडीत असतो.

या रोगांची उकल करण्यात महाराष्ट्रात झालेल्या संशोधनाचा वाटा मोठा आहे. आर. एस. वासुदेव आणि एस. पी. कपूर यांनी १९५८ साली तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या लिंबूवर्गीय झाडांच्या ऱ्हासावर लिहिलं. पुढे कपूर आणि त्यांच्या पुण्यातल्या सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखवून दिलं, की भारतात ग्रीनिंगचा प्रसार सिट्रस सायला ही इवलीशी कीड करते. जगाला या संशोधनाची किंमत पुढे कळली. ही कीड १९९८ साली फ्लोरिडात सापडली, तिच्यामागोमाग २००५ मध्ये रोगही सापडला, आणि तिथल्या संत्र्याच्या उद्योगाची त्यानं वाताहत केली.

नागपूरला १९८५ साली लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं. आज ती केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. शेंड्याचा अगदी सूक्ष्म भाग काढून, त्याचं कलम करून रोगमुक्त मातृवृक्ष तयार करण्याचं तंत्र तिथे वापरलं जातं. वाफ्यात रोपं वाढवण्याऐवजी निर्जंतुक मातीच्या पिशवीत वाढवा, डोळा जमिनीलगत न भरता चांगला वीतभर उंच भरा, हा तिचा सल्ला. महाराष्ट्रानं १९६९ सालीच फळरोपवाटिकांवर नियंत्रणाचा कायदा केला होता. पण वाफ्यातली पन्हेरी स्वस्त पडते, आणि पहिल्याच पावसात ट्रॉली भरून घेऊन जाणाऱ्याकडे मातृवृक्षाचा दाखला कुणी मागत नाही. १९१४ च्या कायद्यात दोन राज्यांमधल्या रोपवाहतुकीवर बंधनं घालण्याची सोय नंतर करण्यात आली. बटाट्यावरचा चामखीळ रोग, केळीवरचा पर्णगुच्छ अशा मोजक्या संकटांत ती वापरलीही गेली. वरुड ते पांढुर्णा या वाटेवरच्या संत्र्याच्या कलमांवर मात्र तिचा प्रभाव कधी जाणवला नाही.

दरम्यान देशाचं दार अधिक पक्कं झालं. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. तिच्या करारानुसार कोणत्याही देशाला केवळ संशयावरून माल अडवता येत नाही. धोक्याचं शास्त्रीय मूल्यमापन दाखवावं लागतं. भारतानं त्याला अनुसरून २००३ साली नवा वनस्पती संगरोध आदेश काढला आणि तो १ जानेवारी २००४ पासून लागू झाला. कोणत्या देशातून कोणतं पीक, कोणत्या अटींवर आत येईल, याच्या लांबलचक याद्या त्यात आहेत. भूमध्य फळमाशी भारतात नाही. म्हणून ती जिथे आहे तिथल्या संत्र्यांना ठरावीक दिवस शून्याजवळच्या तापमानात ठेवण्यासारख्या अटी पाळाव्या लागतात. नागपूरच्या बाजारात दिसणारं परदेशी संत्रं हा टप्पा पार करून आलेलं असतं. ती माशी इथे शिरली तर आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांना नवा वैरी मिळेल.

सगळंच दारावर अडतं असं नाही. कपाशीवरचा परदेशी पिठ्या ढेकूण २००५ च्या सुमारास दिसू लागला. टोमॅटोची पानं पोखरणारी टुटा अळी २०१४ साली पुण्याजवळ सापडली. मे २०१८ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्ग्याजवळ अमेरिकन लष्करी अळी मक्यावर आढळली, आणि पुढच्या हंगामांत मक्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या छिंदवाड्यालाही तिची झळ बसली. एका रात्रीत शंभर किलोमीटर उडू शकणाऱ्या पतंगाला कोणतं ठाणं थोपवणार? पण पिठ्या ढेकूण स्वतःहून समुद्र ओलांडत नाही. त्याला कुणीतरी आणावंच लागतं.

निर्यातीची बाजू याच व्यवस्थेचा आरसा आहे. पांढुर्णा, वरुड, काटोलचं संत्रं बांगलादेशला जातं ते बहुतांशी ट्रकनं, पश्चिम बंगालच्या सीमेवरून. सोबत वनस्पती स्वच्छता प्रमाणपत्र लागतं. व्यापारी त्याला नुसतं ‘फायटो’ म्हणतात. निरीक्षक नमुना काढतो, भिंगाखाली पाहतो, आयातदार देशाच्या अटी पडताळतो आणि सही करतो. लाकडी पेटी असेल तर तिचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसवर तीस मिनिटं तापवलेलं किंवा धुरी दिलेलं असावं लागतं, कारण खोडकिडे लाकडातूनही प्रवास करतात. युरोपला जायचं तर फळाला देठ किंवा पान असून चालत नाही. आपल्या बाजारात पानासकट फळ दिसलं की ताजेपणाची खात्री वाटते. तिथे तेच पान रोगाची शंका ठरतं.

दाखल्यावरचा विश्वास उडाला तर काय होतं, हे कोकणानं पाहिलं आहे. फळमाशी आणि इतर किडी वारंवार सापडल्यामुळे युरोपीय संघानं १ मे २०१४ पासून भारताचा आंबा आणि चार भाज्या यांच्यावर बंदी घातली. ऐन हंगामात हापूस अडकला. लंडन-लेस्टरमधल्या मराठी घरांत मेपासून पेटी पोचेनाशी झाली. आंब्याला ४८ अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवण्याची प्रक्रिया आणि कडक तपासणी सुरू झाली, तेव्हा कुठे २०१५ च्या आरंभी आंब्यावरची बंदी उठली. संत्र्यावर अशी बंदी आली नाही. त्याचा मार्ग वेगळ्याच कारणानं अरुंद झाला. बांगलादेशनं २०१९ मध्ये किलोमागे २० टका असलेलं आयात शुल्क वाढवत २०२३ पर्यंत ८८ टक्यांवर नेलं आणि सीमेपलीकडची मागणी घटली. हा संगरोधाचा नव्हे, जकातीचा अडथळा आहे. पण त्यानं एक गोष्ट उघडी पाडली. एकाच शेजाऱ्यावर विसंबून राहिलेल्या संत्र्याला दुसरे बाजार शोधायचे तर फळमाशीचे सापळे, बागेची नोंदणी आणि निरोगी झाडं ही तयारी आधी लागते. फेब्रुवारी २०२० मध्ये वाशीहून दुबईला नागपुरी संत्र्याचा शीतपेटीतला माल गेला. अशा वाटा रुंद व्हायच्या तर काम बागेपासूनच सुरू करावं लागेल.

कायदा मात्र जुनाच राहिला. १९१४ च्या कायद्याची जागा घेणारं कृषी जैवसुरक्षा विधेयक २०१३ साली लोकसभेत मांडलं गेलं आणि लोकसभेची मुदत संपल्यावर २०१४ साली रद्दबातल झालं. आजही संगरोधाचा सारा डोलारा त्या शंभरी ओलांडलेल्या कायद्यावर उभा आहे.

बागेच्या बाजूनं आशेची नोंद ऑगस्ट २०२४ मधली आहे. केंद्र सरकारनं १,७६५.६७ कोटी रुपयांच्या ‘क्लीन प्लांट प्रोग्रॅम’ला मंजुरी दिली. त्यात देशभर नऊ केंद्रं उभी राहायची आहेत आणि लिंबूवर्गीय फळांसाठी नागपूर व बिकानेर ठरली आहेत. विषाणूंची तपासणी, रोगमुक्त मातृवृक्ष आणि तिथून प्रमाणित रोपवाटिकांना काड्या, अशी साखळी त्यात कल्पिलेली आहे.

ती साखळी पांढुर्णा-सौंसरपर्यंत पोचेल की नाही, हे दोन राज्यांच्या यंत्रणांवर अवलंबून आहे. नागपूरहून निघालेला शुद्ध डोळा शेंदुरजनाघाटच्या खुंटावर भरला गेला पाहिजे. तिथे दिलेला दाखला मध्य प्रदेशच्या उद्यान खात्यानं मानला आणि मागितलाही पाहिजे. आणि महाग कलम घेणाऱ्या शेतकऱ्याला पहिली काही वर्षं हात दिला पाहिजे. संत्र्याचा पहिला नीट बहार लागवडीनंतर पाच-सहा वर्षांनी धरतात. येत्या दोन-तीन पावसाळ्यांत या खोऱ्यात कोणती पन्हेरी लागते, त्यावर पुढच्या दशकात इथून कोणत्या देशाला फळ जाईल आणि किती बगीचे डिंक्यानं उपटावे लागतील, हे ठरणार आहे.